मामाजींच्या डोळ्यातलं औषध

लग्न होऊन अजून वर्ष व्हायचं होतं आणि तोवर मी सासऱ्यांचं तोंड समोरून पाहिलेलं नव्हतं. त्यांचा खोकला ओळखीचा होता, जोड्यांची करकर ओळखीची होती. ती अंगणात ऐकू आली की माझा हात आपोआप पदराकडे जायचा आणि मी चुलीकडे वळायची. मला काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंना सांगत, “तिले सांग” म्हणून. मी तिथंच परातीत पीठ मळत बसलेली असले तरी. आमच्याकडे तेव्हा हीच रीत होती आणि तिचं मला काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटे. सासरे तापट होते. गड्यांना बोलायला लागले की गोठ्यातली जनावरंसुद्धा कान टवकारत.

आमचं गाव पिंपळगाव राजाहून खामगावला जाणाऱ्या वाटेवर. त्या पौषात तुरी कापून खळ्यावर आणल्या होत्या आणि सासरे स्वतः गंजी रचत होते. वाकले, आणि एक तुराटी उसळून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. घरी आले ते दुपट्टा डोळ्यावर दाबूनच. सासूबाईंनी शेजारच्या बाळंतिणीचं दूध मागून आणलं आणि डोळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी मध घातला. कोणी लोण्याची पट्टी सांगितली, तीही झाली. डोळा उतरायचं सोडून लालभडक झाला, पाणी खळेना, आणि बुबुळावर कणीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. तेव्हा कुठे गाडी जुंपली.

त्या गाडीत मीही होते. माझी पहिली संक्रांत होती. माहेर शेगावच्या पलीकडे. माझा भाऊ आगगाडीनं खामगावला येणार आणि स्टेशनावरून मला घेऊन जाणार, असं ठरलेलं होतं. गाठोडं बांधून मी गाडीच्या मागच्या टोकाला बसले. सासरे पुढे आडवे झाले होते. त्यांच्या विव्हळण्याचं मला वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी आपण माहेरी चाललोय याचा आनंदही मनात मावत नव्हता. दोन्ही खरं होतं.

खामगावचे डॉक्टर नागपूरला शिकून आलेले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारी दवाखान्यांतून बदल्या काढून शेवटी त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला होता. बोलणं तुटक, हसणं नाही. त्यांनी सासऱ्यांचा डोळा उघडून पाहिला आणि आधी काय काय घातलं ते विचारलं. सासूबाई सांगत गेल्या तसा त्यांचा चेहरा घट्ट होत गेला.

“बुबुळावर जखम आहे आणि ती चिघळली आहे,” ते म्हणाले. “आता दूध नाही, मध नाही, काही नाही. मी देतो तेच थेंब, दिवसातून तीनदा. घरी कोण घालणार?”

“पोरगा घालीन,” सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्या यजमानांच्या हातात काचेची नळी दिली, तिच्यात साधं उकळलेलं पाणी भरून. यजमानांचा हात कासऱ्याला सरावलेला. नळीचं टोक थेट डोळ्याला लागलं. सासरे ओरडले आणि त्यांनी मुलाचा हात झटकून टाकला. सासूबाईंची बोटं संधिवातानं आखडलेली, त्यांना तर नळी धरताच येईना. डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती कोपऱ्यात बसलेल्या माझ्यावर थांबली.

“त्या मुलीचा हात बघू.”

“ती सून हाय,” सासरे म्हणाले. “तिचं अथी काय काम?”

“डोळा ठेवायचा असेल तर स्थिर हात पाहिजे. मला सून, मुलगी काही कळत नाही.”

 मग सासरे भिंतीकडे तोंड करून सासूबाईंना म्हणाले, “तिले सांग, पुढं ये म्हणा.”

मी पुढे झाले. हात स्थिर होता.  डॉक्टरांनी सगळं करून दाखवलं. आधी साबणानं हात धुवायचे. खालची पापणी हलकेच ओढायची, म्हणजे आत खोबण होते. तिच्यात एकच थेंब. नळीचं टोक पापणीला, केसांना, कशालाही लागता कामा नये. लागलं तर डोळ्याची घाण बाटलीत जाते आणि तीच पुन्हा डोळ्यात पडते. मग डोळा मिटायचा आणि नाकाच्या कडेला, डोळ्याच्या कोपऱ्यात, बोटानं थोडा वेळ दाबून धरायचं. नाहीतर औषध घशात उतरतं, तोंडाला कोरड पडते, छातीत धडधडतं.

“हे जालीम आहे,” बाटली वर धरून ते म्हणाले. “लहान मूल प्यायलं तर हाती लागणार नाही. उंचावर ठेवायचं. आणि हे फक्त यांच्या डोळ्यासाठी आहे. घरात दुसऱ्या कोणाचे डोळे आले, शेजारणीनं मागितलं, तरी एक थेंब द्यायचा नाही. अजून एक. यानं डोळ्यातली बाहुली मोठी होईल. जवळचं दिसणार नाही, उजेड सोसणार नाही. ते औषधाचंच काम आहे. घाबरून बंद करायचं नाही. मी सांगेन तेव्हा बंद करायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं. कळलं?”

मी मान हलवली.

“मान नको. म्हणून दाखव.”

सासऱ्यांच्या समोर, पदराआडून, मी सगळं म्हणून दाखवलं. माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा.

माझ्या माहेरी जाण्याचं कोणी नावही काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. यजमान स्टेशनावर जाऊन भावाला निरोप देऊन आले. आईनं पाठवलेली तिळाच्या लाडवांची पुरचुंडी तेवढी त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. घरी येईपर्यंत मी पदराआड रडत होते आणि सासूबाई पाहून न पाहिल्यासारखं करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बाज टाकली. सासरे उताणे पडले. माझे दोन्ही हात गुंतलेले, एक पापणीला, एकात नळी. पदर घसरायला लागला तेव्हा मी तो दातांत धरला. तेव्हा त्यांचं तोंड पाहिलं. नाकाशेजारी देवीचे दोन व्रण होते. दाढीचे खुंट पांढरे होते. हा एवढा मोठा माणूस ओठ आवळून, बाजेच्या दोऱ्या मुठीत धरून पडला होता. तो घाबरला आहे हे मला कळलं आणि त्यामुळे मीच जास्त घाबरले. पहिला थेंब गालावर गेला.

“आंधळी हाय का ही?” ते सासूबाईंना ऐकवत गुरगुरले.

 दुसरा थेंब खोबणीत पडला. डोळा मिटवला, नाकाच्या कडेला बोट दाबलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “नाक काऊन दाबून राह्यली?” त्या म्हणाल्या. “डोळा दुखते, नाक नाई.” मी बोट काढलं नाही.

असं सुरू झालं. सकाळ, दुपार, दिवेलागणीच्या आधी. बाटली मी देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायची. तिथं कोणाचा हात सहज जात नसे. डोळा पुसायच्या चिंध्या उकळून वाळवायची आणि वेगळ्या डब्यात ठेवायची. डोळ्याच्या आधी चुलीला, शेणाला, कशालाच हात लावायची नाही. लावला तर पुन्हा धुवायची. सासूबाईंना हे सगळं नखरे वाटत. पण मला रोज एकच धास्ती असे, की आज नळी लागेल.

आणि एक दिवस बाहुली दिसली. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, मी म्हणून दाखवलेलं होतं, तरी मी पापणी पुन्हा उघडून पाहिली. डोळ्यातला तपकिरी रंग जवळजवळ नाहीसा झाला होता. नुसतं काळं, विहिरीत वाकून पाहिल्यासारखं. त्या दुपारी गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ विचारपूस करायला आले होते. त्यांनी डोळा पाहिला आणि मान हलवली.

“औषधानं बुबुळ खाल्लं,” ते म्हणाले. “डोळा गेला आता.”

सासऱ्यांनी आरसा मागवला. चांगल्या डोळ्यानं आजारी डोळा पाहिला. आरसा बाजेवर टाकला आणि ते उठून बसले.

“बंद करा हे. फेका ते बाटली.”

सासूबाईंनी माझ्यापुढे हात केला. बाटली माझ्या मुठीत होती. ती द्यायची होती. सुनेनं दुसरं काय करायचं असतं? पण मी मूठ उघडली नाही.

“मामाजी,” मी सासऱ्यांना म्हणाले, “डाक्टरनं सांगतलं होतं, बाहुली मोठी होईन म्हून. तुमी तथीच होते.”

 ते म्हातारे गृहस्थ माझ्याकडे असे पाहत होते की जणू भिंत बोलली.

“आन डोळा गेला तं?” सासरे म्हणाले. पहिल्यांदाच सरळ मला.

“थेंब बंद केले तं जाईन.”

 त्यांची नजर माझ्या पायांवर होती, तिथून वर आली नाही. मग ते हळूच आडवे झाले.

“घाल,” म्हणाले.

महाशिवरात्रीच्या सुमारास पुन्हा खामगावला गेलो. जखम भरली होती. बुबुळावर बारीक पांढरी खूण राहिली, ती जन्मभर राहिली, पण दिसत होतं. डॉक्टरांनी थेंब बंद करायला सांगितले आणि जाताजाता मला उद्देशून म्हणाले, “उरलेलं ओतून टाक. विसरू नको.”

घरी आल्यावर मी बाटली घेऊन परसात निघाले. बाटलीत अजून बरंच औषध होतं. सासूबाई मागून आल्या.

“दे इकडं. तुले भाकरी टाकाच्या हायेत. मी टाकतो.”

मी दिली. त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं.

होळी झाली आणि वर्षाचं तिखट कुटायला काढलं. घरभर खकाणा. सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते, सासूबाईंचे जास्त. एका संध्याकाळी दिवा लावला तेव्हा त्या त्याच्याकडे पाहत बसल्या आणि म्हणाल्या, “दिव्याभोवती हे रंगीत कडं कशाचं दिसून राह्यलं?” मी पाहिलं. मला काही दिसलं नाही. तिखटानं होत असेल, म्हणून मी सोडून दिलं.

सकाळी त्या उठल्याच नाहीत. डावी बाजू धरून पडल्या होत्या. कपाळ, डोळा, दाढा, सगळं फुटून निघालंय म्हणत होत्या. उलट्या थांबेनात. शेजारणी जमल्या. कोणी पित्त म्हणालं, कोणी नजर म्हणालं, मीठ-मोहऱ्या उतरून झाल्या. मी ओल्या फडक्यानं त्यांचा डोळा पुसायला वाकले आणि पापणी उघडली.

डोळा लाल होता. बुबुळावर आरशावर श्वास पडावा तसा धुरकट पडदा होता. आणि त्यामागे बाहुली मोठी, काळी. मी त्यांचं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. उजव्या डोळ्यातली बाहुली लहान झाली. डाव्यातली हललीसुद्धा नाही. अशी बाहुली मी किती तरी दिवस रोज पाहिली होती. 

“आत्याबाई,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले, “ते थेंब घातले का?”

“कोनते थेंब?”

“मामाजीचे.”

त्यांनी डोळे मिटले. “नाई.”

मागे करकर वाजली. सासरे दारात उभे होते. “कोनते थेंब?”

मी सांगितलं. बाहुलीचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते सांगितलं.

“बाटली तं तुह्याच हातात राहे,” ते म्हणाले.

“आत्याबाईनं टाकतो म्हून घेतली होती.”

“म्या टाकली,” सासूबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. “कवाचीच.”

सासऱ्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पदर होता, तरी ते पाहणं मला लागलं. शेजारणी गप्प झाल्या. त्यांचं ते गप्प होणं मला पुरेसं होतं. सुनेनं सासूच्या डोळ्यात काहीतरी घातलं, ही गोष्ट दुपारपर्यंत गावभर होणार होती. यजमान दाराशी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“मले काय म्हणाचं ते म्हणा,” मी म्हणाले.  “पण आत्याबाईले खामगावले न्या. आत्ताच न्या.”

 सासऱ्यांनी गोठ्यातून स्वतः बैल आणले आणि गाडी जुंपली.

गाडी खामगावच्या वाटेला लागली. सासूबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. चाक खड्ड्यात गेलं की त्या विव्हळत आणि माझं मनगट घट्ट धरत. ज्या हातानं धरत होत्या त्याच हातानं त्यांनी ती बाटली घेतली होती. मला त्यांचा राग येत होता, इतका की मनगट सोडवून घ्यावं असं वाटे. आणि फडकं भिजवून मी पुन्हा कपाळावर ठेवत होते. डोळा गेला तर माझी रवानगी माहेरी होणार, आणि ती संक्रांतीपुरती नसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. पुढे यजमानांची पाठ होती. ती एकदाही वळली नाही.

डॉक्टरांनी सासूबाईंना टेबलावर घेतलं. मिटलेल्या पापण्यांवरून बोटांनी आधी एक डोळा दाबून पाहिला, मग दुसरा.

“दगड झालाय,” ते म्हणाले. “डोळ्यात काय घातलं?”

 सासरे खाकरले. “सून म्हणते…”

“मी यांना विचारतोय.” डॉक्टर सासूबाईंवर वाकले. “बाई, तुमच्या घरातलं भांडण मला नको. बाहुली कशानं मोठी झाली हे कळलं, तर पुढे काय करायचं ते मला ठरवता येईल. वेळ फार नाही.”

 सासूबाईंचे ओठ हलले.

“म्या घातलं,” त्या म्हणाल्या. “तिखटानं हा डावा डोळा लई चुरचुरे. ह्यायचा डोळा त्याच औषधानं चांगला झाला. येवढं भारी औषध, टाकू वाटलं नाई. पेटीत ठेवलं होतं. परवा आरश्यात पाहून, दोनी हातानं नळी धरून घातलं. पह्यला थेंब बाहीर पडला म्हून परत घातलं. काल बी घातलं.” थोडं थांबून म्हणाल्या, “हिले ठाव नोतं.”

सासरे बाकावर बसले. डोक्याचा पटका काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडेच पाहत राहिले.

डॉक्टरांनी दुसऱ्या थेंबांची बाटली काढली. काम करता करता ते सांगत होते, बहुधा मला. डोळ्यात आत पाणी असतं आणि ते झिरपून बाहेर जायला बारीक वाट असते. काही माणसांची ती वाट मुळातच अरुंद असते. बाहुली पसरली की ती बंद होते, आणि पाणी आत कोंडून डोळा फुगतो. याला काचबिंदू म्हणतात. सासऱ्यांचा डोळा ज्यानं वाचला, त्यानंच सासूबाईंचा जायची वेळ आली होती. हे दुसरं औषध बाहुली आवळणारं होतं. ते थोड्या थोड्या वेळानं घालत होते आणि मी त्यांचं डोकं धरून उभी होते. उन्हं कलली तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट सोडलं. डॉक्टरांनी बोटानं डोळा पुन्हा दाबून पाहिला आणि पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.

मी पडवीत आले. सासरे तिथंच होते. भाकरीचं फडकं त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

“सकाळपासून तू काई खाल्लं नाई,” ते म्हणाले. “खाऊन घे.”

शेजारी यजमान बसले होते, मान खाली घालून. त्यांच्याशी मी बरेच दिवस बोलले नाही. त्यांनाही ते का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

पुढे डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्याला दिसायचं, पण पडद्याआडून दिसावं तसं. समोर माणूस उभा आहे एवढं कळे, कोण ते नाही. उजवा डोळाही त्याच जातीचा, म्हणून त्यात ते बाहुली आवळणारे थेंब रोज घालायचे ठरले. ते मीच घालायची. माझी मुलं झाली, सासरे गेले, वऱ्हाड महाराष्ट्रात गेलं, तरी ते सुरूच होतं.

घरी त्यांनी खोटं का सांगितलं, हे मी एकदाच विचारलं. “तुह्या मामाजीपुढं सांगाले तोंड नोतं,” त्या म्हणाल्या. “डाक्टरपुढं डोळा जाऊन राह्यला होता.” यापेक्षा जास्त त्या बोलल्या नाहीत. मी त्यांना मनापासून माफ केलं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही. सासऱ्यांची दारातली ती नजर मी विसरले नाही. पण टेबलावर पडल्या पडल्या, डोळा फुटत असताना, माझं नाव त्यांनी बाजूला काढलं, हेही विसरले नाही.

औषधाच्या बाबतीत मात्र त्या माझ्यापेक्षा कडक झाल्या. मी जवळ गेले की आधी विचारत, “हात धुतले का?” गावातल्या बाया यायच्या. पोराचे डोळे आलेत, तुमच्याकडं चांगलं औषध हाय म्हणे, एक थेंब द्या. मी काही बोलायच्या आधी सासूबाई त्यांना ओट्यावर बसवत, पाणी देत आणि स्वतःची डावी पापणी बोटानं वर करून दाखवत. मग त्यातल्या एखादीच्या पोराला खामगावला न्यायला आमच्याच घरची गाडी निघे, आणि माझे यजमान, न बोलता, ती हाकत.